कुत्र्याचे अन्न कसे निवडावे?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर स्वराज्य, सहकार, वेदान्त, विज्ञान असे मोठमोठे विषय येऊन गेले. कुत्र्याचे जेवण हा विषय आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. चिटणिसांनी तो बाहेरच्या फळ्यावर लिहिला, तेव्हा वाचणारे दोघे-तिघे हसले. एका स्नेह्याने तर मला अडवूनच विचारले, "अहो, माणसाच्या दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, आणि तुम्ही कामगार चळवळीतली माणसे कुत्र्याच्या ताटात काय वाढावे ते सांगणार?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

कुत्रा आता केवळ बंगल्यातला राहिलेला नाही. तो चाळीत आहे, वस्तीत आहे, आणि औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीच्या रखवालदाराला पहाटेपर्यंत सोबत करणारा तर तोच आहे. महिन्याकाठी पंधरा हजार हातात पडणारा माणूस त्यातले दीड-दोन हजार कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीवर घालतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. त्याला शहाणपण शिकवायला मी गेलेलो नाही. जीव लावला की माणूस खर्च करतो. पण घामाचे पैसे कशावर गेले, हे त्याला कळलेच पाहिजे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपहारगृह सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला, आणि त्याच्या व्यवस्थापक समितीवर कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद केली. ही दुसरी तरतूद कशासाठी? ठेका देतो व्यवस्थापक, पैसे मोजतो व्यवस्थापक, पहिल्या दिवशी चव घेतो व्यवस्थापक. आणि रोजचे पाणचट वरण खातो कामगार. निवडणारा एक आणि खाणारा दुसरा, अशी स्थिती झाली की अन्न बिघडते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. कुत्र्याच्या बाबतीत तर ही फारकत पूर्ण आहे. तो वेष्टन वाचीत नाही, भाव करीत नाही, तक्रारवहीत लिहीत नाही. पिशवीवरचे ते तुकतुकीत चित्र त्याच्यासाठी नसतेच, ते तुमच्यासाठी असते. म्हणून त्याचा प्रतिनिधी होऊन वेष्टन वाचणे हे आपले काम.

हा धंदा उभा कसा राहिला, ते थोडक्यात सांगतो. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन लंडनला आला. त्याचा मूळ व्यवसाय वीजनिवारक सळ्या विकण्याचा. गोदीत खलाशांची वाळकी बिस्किटे कुत्री खाताना त्याने पाहिली आणि गहू, भाज्या, बीट व मांसाचा वाळवलेला अंश एकत्र करून कुत्र्यांसाठी टिकाऊ वड्या काढल्या. वड्या सुचल्या गोदीतल्या भटक्या कुत्र्यांवरून, विकल्या मात्र शिकारी कुत्री पाळणाऱ्या सरदार-जमीनदारांना. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रुफ्टने पुढे १८९१ साली कुत्र्यांचे ते प्रसिद्ध प्रदर्शन भरवले. म्हणजे माल आणि मालाची जाहिरात ही जुळी भावंडे आहेत. १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे निघाले. मोटारी आणि ट्रॅक्टर आले आणि घोडे बेकार झाले, हे त्यामागचे कारण. दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेना, म्हणून डबे मागे पडले आणि कोरडे खाद्य पुढे आले. १९५७ पासून आजचे दाणेदार खाद्य बाजारात दिसू लागले. त्याची कृती अशी : पीठ आणि मांसचूर्ण वाफेने, दाबाखाली शिजवायचे, साच्यातून ढकलायचे, बाहेर पडताच ते कुरमुऱ्यासारखे फुलते, मग वरून चरबी आणि वासाचे द्रव्य फवारायचे. कुत्रा ज्या वासाने धावत येतो, तो बहुधा या शेवटच्या फवाऱ्याचा असतो. तेव्हा "आमचा टॉमी मिटक्या मारीत खातो" हा खाद्य चांगले असल्याचा पुरावा नव्हे. मिटक्या मारीत आपण भजीही खातो.

आता कुत्र्याला लागते काय? तो लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला नुसते मांसच हवे, असे पुष्कळजण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. स्वीडनमधल्या उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या विकराचा जो जनुक लांडग्यात साधारण दोनच प्रतींत असतो, त्याच्या कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत प्रती आढळतात. माणसाच्या चुलीजवळ बसून हजारो वर्षे उष्टे खाल्ल्याचा हा शिक्का आहे. नामदेवांची पोळी पळवणारे कुत्रे, आणि तूप घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव, ही कथा आपण सारे जाणतो. त्या कुत्र्याला पोळी पचणार होती, याविषयी आता विज्ञानालाही शंका नाही. शिजवलेले धान्य कुत्र्याला चालते. प्रश्न आहे तो नुसत्या धान्यावर त्याचे भागते का, हा.

याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, हिशेबाने द्यावे. कॅलरी हा शब्द मी डॉक्टरांकडून शिकलो नाही, वेतनकराराच्या मसुद्यातून शिकलो. १९५७ साली दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. गरजेवर आधारलेले किमान वेतन ठरवताना तिने डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या आहारशास्त्राचा आधार घेतला. हे गृहस्थ एके काळी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. एका प्रौढाला दिवसाला २७०० कॅलरी, आणि एका कुटुंबाचे तीन प्रौढ घटक धरायचे, असा तो हिशेब. मालकाच्या वकिलासमोर डाळीचे आणि दुधाचे ग्रॅम मोजता मोजता आमच्यासारखी शाळा अर्धवट सुटलेली माणसे आहारशास्त्र शिकली. तीच पद्धत कुत्र्याला लावू.

कुत्र्याचे वजन किलोत घ्या. त्याला त्याच संख्येने दोनदा गुणा. आलेल्या आकड्याचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा, आणि त्याला ७० ने गुणा. खिशातल्या फोनवर हे अर्ध्या मिनिटात होते. ही झाली स्वस्थ पडून राहण्याची ऊर्जा. शस्त्रक्रिया केलेल्या, म्हणजे नसबंदी झालेल्या, बेताच्या हालचालीच्या प्रौढ कुत्र्यासाठी ती १.६ पट करायची. आपल्याकडचा मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा १५ किलोचा धरला, तर उत्तर येते सुमारे ८५० कॅलरी.

आता आपली पारंपरिक दूध-भाकरी तोलून पाहू. शंभर-शंभर ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी आणि पाव लिटर गाईचे दूध. कॅलरी साडेआठशेच्या आसपास भरतात, पोट भरले. प्रथिने मिळाली २८ ग्रॅम. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेची, जिला 'आफको' म्हणतात तिची, जी किमान मर्यादा आहे, तिच्याप्रमाणे या कुत्र्याला ३८ ग्रॅम हवीत. कॅल्शियम हवे एक ग्रॅमच्या वर, मिळाले त्याच्या एक-तृतीयांश. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी, आणि धान्यातले फायटेट जस्ताला धरून ठेवते, शरीरात जाऊ देत नाही. जस्त कमी पडले की कातडीवर खपल्या धरतात, केस जातात. आपल्या गल्लीत अशी कुत्री दिसली की आपण "खरूज झाली" म्हणून दगड उचलतो. काहींना खरूज असतेही. काही केवळ उपाशी असतात, भरल्या पोटी उपाशी.

आमच्या एका कारखान्याच्या फाटकावर राणी नावाची कुत्री होती. उपहारगृहातला उरलेला भात, पातळ वरण, पोळीचे तुकडे यांवर ती वाढली. पोट तुडुंब, पण पाठीवरचे केस गेलेले. रखवालदाराने मला विचारले, "भाऊ, डॉक्टर म्हणतात हिला खरूज नाही. मग केस का जातात?" औषधाच्या दोन बाटल्या झाल्या होत्या. शेवटी एका वयस्क पशुवैद्यांनी तिला तपासले आणि म्हणाले, "हिला औषध नको, जेवण पाहिजे." तिघा रखवालदारांनी वर्गणी काढली आणि नेमके खाद्य सुरू केले. तीन महिन्यांत पाठ भरून आली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. मीही तसा दावा करीत नाही. पण त्या तिघांनी दुकानात जाऊन पिशवी कशी निवडली, ते सांगण्याजोगे आहे. त्यातले एक शब्दही इंग्रजी न वाचणारे होते.

पिशवीच्या दर्शनी भागावर जे मोठे लिहिलेले असते ते सोडून द्यावे आणि पिशवी उलटी करावी. मागे बारीक अक्षरांत पहिली गोष्ट शोधायची ती ही, की खाद्य 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे संपूर्ण व संतुलित आहे का, आणि कोणत्या वयासाठी. प्रौढासाठीच्या खाद्यावर 'अ‍ॅडल्ट' किंवा 'मेन्टेनन्स' असते. लहान जातीचा कुत्रा वर्षाच्या आत-बाहेर प्रौढ होतो, थोराड जातीला दीड-दोन वर्षे लागतात. पूरक किंवा खाऊ असे लिहिलेले असेल, तर ते जेवण नव्हे. 'आफको'ची किमान मर्यादा प्रौढासाठी पाणी वगळून १८ टक्के प्रथिने आणि साडेपाच टक्के स्निग्धांश अशी आहे; वाढत्या पिल्लासाठी साडेबावीस आणि साडेआठ. आपल्या भारतीय मानक ब्युरोचेही 'आयएस ११९६८' हे मानक आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका. 'आफको' कोणतीही पिशवी तपासून मान्यता देत नाही. ती मापे ठरवते. 'आफको-मान्य' असे जो दुकानदार सांगतो, तो एकतर भोळा आहे, नाहीतर तुम्हाला भोळे समजतो.

दुसरी गोष्ट घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. इथे दोन चलाख्या असतात. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणून ती यादीत पहिली येते. पाणी उडाल्यावर तिचे वजन उरते थोडेसे. 'चिकन मील' म्हणजे कोंबडीचे वाळवलेले चूर्ण तिसऱ्या क्रमांकावर असूनही प्रत्यक्षात अधिक प्रथिने देत असेल. दुसरी चलाखी म्हणजे धान्याची फोड. गहू, गव्हाचा कोंडा, मक्याचे पीठ, मक्याचे ग्लुटेन अशी चार नावे वेगवेगळी लिहिली की प्रत्येक जण खाली सरकतो आणि मांस वर दिसते. बेरीज करून पाहावी. मोठ्या हुद्द्याची पदे वेगवेगळ्या खात्यांत वाटून पगारखर्च कमी दाखवणारे ताळेबंद मी पाहिले आहेत. हा तोच हात.

'बाय-प्रॉडक्ट' शब्द दिसला की सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. मी मुरडीत नाही. कलेजी, पोटा, वजडी हे सारे त्यातच येते. वजडीचे कालवण ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना तिची निंदा पटणार नाही. आणि कुत्र्याला तर कलेजीतून जीवनसत्त्वे मिळतात. अट एवढीच, की प्राण्याचे नाव लिहिलेले असावे. 'कोंबडीचे' म्हटले तर कोंबडीचे. नुसते 'मांस व प्राणिजन्य पदार्थ' म्हटले, तर आज एक आणि उद्या दुसरे. अमेरिकेत नावाचेही नियम आहेत. डब्याला सरळ 'चिकन' म्हणायचे तर पाणी वगळता ९५ टक्के कोंबडी हवी, 'चिकन डिनर' म्हणायला पाव हिस्सा पुरतो, 'विथ चिकन' म्हणायला तीन टक्के, आणि 'चिकन फ्लेवर' म्हणायला केवळ स्वाद लागण्यापुरती. इतका अर्थ एका छोट्या शब्दात बदलतो! 'कायम' आणि 'कायमस्वरूपी कंत्राटी' यांतला फरक ज्यांना भोगावा लागला, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. पिशवीवर प्रथिने इतके टक्के असे असते. ते मोजतात कसे? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली पद्धत काढली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचे. म्हणजे प्रथिन मोजत नाहीत, त्याची सावली मोजतात. मेलामाइन नावाचे रसायन आहे, त्याची भांडी होतात. त्यात वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजनच. शंभर ग्रॅम मेलामाइन या चाचणीला चारशे ग्रॅमांहून अधिक प्रथिन भासते! २००७ साली चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये हे रसायन मिसळलेले निघाले. ते ग्लुटेन कुत्र्या-मांजरांच्या ओल्या खाद्यात गेले. मेलामाइन आणि त्याच्या जोडीचे सायन्युरिक आम्ल यांचे खडे होऊन मूत्रपिंडे बंद पडली, जनावरे मेली. एकाच उत्पादकाला सुमारे सहा कोटी डबे आणि पाकिटे परत बोलवावी लागली. आणि ते सारे डबे शंभराच्या आसपास निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या भावांनी विकले जात होते. महाग घेणारा आणि स्वस्त घेणारा, दोघांच्या कुत्र्यांनी एकाच कढईतले खाल्ले होते.

बंधूंनो, हे इथे संपले नाही. पुढच्याच वर्षी, २००८ साली, चीनमध्ये तेच रसायन बाळांच्या दुधाच्या भुकटीत निघाले. दूध पाणी घालून वाढवायचे आणि प्रथिनाचा आकडा मेलामाइनने सावरायचा. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्यांनी वर्षभर आधी इशारा दिला होता. जनावराच्या अन्नातली भेसळ ही जनावरापुरती राहत नाही, ती माणसाच्या ताटाकडे चालत येते. माझ्या त्या स्नेह्याला मी हेच उत्तर देईन. खाणीत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातले पाखरू नेत असत. ते मेले की माणसे बाहेर पळत. इथे पाखरू मेले, आणि कोणी पळाले नाही.

यातून व्यवहारात काय घ्यायचे? नुसता आकडा पाहू नये, तो आकडा कोण देतो ते पाहावे. उत्पादकाचे नाव आणि पत्ता, तक्रारीचा दूरध्वनी, उत्पादनाची तारीख, निव्वळ वजन, किंमत हे वेष्टनावर असणे आपल्याकडे वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या दूरध्वनीवर एकदा बोलून पाहावे. खाद्य कोणत्या कारखान्यात होते, कृती कोण ठरवतो, त्याचे पशुआहारातले शिक्षण काय, प्रत्येक घाणा तपासता का, आणि शंभर ग्रॅमला कॅलरी किती? सरळ उत्तर देणारी कंपनी निराळी कळते. "आमचे खाद्य उत्तमच आहे साहेब" एवढेच सांगणारी निराळी कळते.

ओले आणि कोरडे यांची तुलना करताना पाणी वजा करावे. डब्यावर १० टक्के प्रथिने आणि ७८ टक्के पाणी असेल, तर कोरड्या भागात प्रथिने ४५ टक्के पडतात. पिशवीवर २४ टक्के आणि पाणी १० असेल, तर सत्तावीसच्या जरा आत. दहा आणि चोवीस असे पाहून निवडणारा उलटे निवडतो.

कॅलरी लिहिलेली नसेल, तर आपणच काढावी. शंभरातून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख वजा केली की पिष्ट उरते. राख दिलेली नसल्यास सात-आठ धरावी. प्रथिने आणि पिष्ट यांना साडेतीनने, स्निग्धांशाला साडेआठने गुणून बेरीज करावी. समजा, एका पिशवीत प्रथिने २२, स्निग्धांश १०, तंतू ५, पाणी १०, राख ८. शंभर ग्रॅमला ३२० कॅलरी झाल्या. आपल्या १५ किलोच्या कुत्र्याला ती दिवसाला २६७ ग्रॅम लागेल. भाव किलोला २२० रुपये धरला, तर रोजचे ५९ रुपये. दुसरी पिशवी प्रथिने २६, स्निग्धांश १६, तंतू ३, पाणी १०, राख ७ अशी. तिच्या कॅलरी ३६०, लागेल २३७ ग्रॅम. भाव २८० रुपये. रोजचे ६६. किलोमागे साठ रुपयांचा फरक, दिवसामागे सातच रुपयांचा. दोन्ही आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. पण किलोच्या भावावर जाऊ नका, दिवसाच्या भावावर जा. आणि मग सातशे रुपये किलोची तिसरी पिशवी समोर आली आणि तिचे आकडे दुसरीसारखेच निघाले, तर वरचे शंभर रुपये रोज कशाचे, हे दुकानदाराला जरूर विचारा.

त्या महागड्या पिशवीवर आजकाल 'ग्रेन-फ्री' म्हणजे धान्यविरहित असे मोठ्या अक्षरांत असते. धान्य काढले तर त्याजागी वाटाणा, मसूर, बटाटा घालावा लागतो. अशा खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाच्या एका विकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. २०२२ च्या अखेरीपर्यंत कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. तरीही धान्याची खरी अ‍ॅलर्जी नसलेल्या कुत्र्यासाठी या नव्या सोवळ्याचे पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही.

या सभेत माळकरी घरची मंडळी आहेत, जैन बंधू आहेत. त्यांच्या मनातला प्रश्न मी ओळखतो. प्रौढ कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण तो शाकाहार शास्त्राने बांधलेला असला पाहिजे. संपूर्ण व संतुलित असे लिहिलेली शाकाहारी खाद्ये मिळतात. दूध-भाकरी म्हणजे तो शाकाहार नव्हे, हे वर मोजून दाखवलेच. मांजराला मात्र ही सवलत नाही, ते मांसाहारीच.

घरी शिजवून घालावे काय? माया म्हणून उत्तम, पण अवघड. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली घरगुती पाककृती तपासल्या. दोनशेंपैकी पंचाण्णव टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यांतल्या कित्येक कृती पशुवैद्यांनीच दिलेल्या होत्या. म्हणून आहार जाणणाऱ्या पशुवैद्याकडून कृती लिहून घ्यावी आणि तीच पाळावी. ज्याच्या खिशाला पूर्ण पिशवी परवडत नाही, त्याने निदान भाकरीबरोबर अंडे द्यावे, आठवड्यातून काही दिवस उकडलेली वजडी आणि थोडीशी कलेजी द्यावी, आणि अंड्याचे कवच उकळून, वाळवून, अगदी वस्त्रगाळ करून घालावे. अर्धा चहाचा चमचा पुडीत जवळजवळ एक ग्रॅम कॅल्शियम असते. हे संपूर्ण अन्न नव्हे. पण नुसत्या भाकरीपेक्षा, आणि ग्लुकोज बिस्किटांपेक्षा तर निश्चित, बरे. चौकातल्या कुत्र्यांना बिस्किटांचे पुडे टाकणाऱ्या भाविकांना माझी विनंती आहे, की त्याच पैशांत उकडलेली अंडी येतात.

काही गोष्टी मात्र घालूच नयेत. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. १५ किलोच्या कुत्र्याला एखादा मध्यम कांदाही बाधू शकतो, कच्चा असो वा शिजलेला. आपले कुठलेही उरलेले कालवण म्हणजे कांदा, हे लक्षात ठेवा. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करतात. नाशिक-सांगलीकडच्या मंडळींनी विशेष जपावे. चॉकलेट नको. झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे गोड तर मुळीच नको. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात.

अन्न निवडले तरी माप चुकले तर सारे फुकट. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी जेवण. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, दुसऱ्यांचे ११.२. हा प्रयोग खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला आणि निष्कर्ष निघाला "कमी घाला". म्हणून त्यावर माझा विश्वास अंमळ अधिक बसला. बरगडीवरून बोटे फिरवावीत. मूठ वळल्यावर बोटांच्या पेरांवर लागते तसे टोचत असेल तर कुत्रा वाळला, तळहाताच्या गादीसारखे मऊ लागले तर सुटला, हाताच्या पाठीवरून फिरवल्यासारखे लागले तर बरोबर. पिशवीवरचे माप हे फक्त सुरुवातीला घ्यायचे, नंतर हाताचे ऐकायचे. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. नवे खाद्य आणले तर आठवडाभरात जुन्यात मिसळत मिसळत बदलावे. एकदम बदलले की जुलाब होतात आणि दोष चांगल्या खाद्याला लागतो.

शेवटचे पावसाळ्याचे. पोत्यातून सुटे खाद्य घेऊ नका. त्याला तारीख नाही, घाणा क्रमांक नाही, आणि दमट हवेत मक्याला बुरशी धरते. तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि यकृत जाळते. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत एका खाद्यात ते निघाले, तेव्हा शंभराहून अधिक कुत्री मेल्याच्या नोंदी झाल्या. लहान पिशवी घ्यावी, तोंड घट्ट बांधून मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि पिशवी संपेपर्यंत तिच्यावरचा क्रमांक फाडू नये. कुत्र्याने नेहमीचे खाद्य अचानक नाकारले, तर त्याचे लाड आहेत असे समजण्याआधी पिशवीचा वास घ्यावा.

मी तीन रिकाम्या पिशव्या बरोबर आणल्या आहेत. त्या या टेबलावर ठेवतो. अध्यक्षांचे भाषण झाले की ज्यांना इच्छा असेल त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन पुढे यावे; तिघांचा दिवसाचा भाव आपण मिळूनच काढू.